मोटरचे चुंबकीय क्षेत्र: सूत्रांनी काढावे की थेट संगणकावर सोडवावे?

धागाकर्ता: स्थायी चुंबकाच्या मोटरचा आराखडा करताना हल्ली पहिल्या दिवसापासून फिनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर (मोटरचे छोट्या तुकड्यांच्या जाळीत विभाजन करून क्षेत्र संगणकावर सोडवणारे) उघडले जाते, आणि ही सवय मला घातक वाटते. चुंबकात पॉइसाँचे व हवेच्या फटीत लाप्लासचे समीकरण मांडून ते फूरिए श्रेणीने सोडवले, तर क्षेत्राचा कोणता हार्मोनिक (श्रेणीतली एकेक लहर) चुंबकाच्या रुंदीमुळे आला आणि कोणता स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, खाचांमुळे, हे वेगळे दिसते. झू, हाऊ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये चार भागांच्या लेखमालेत हीच वाट आखून दिली: आधी निव्वळ चुंबकांचे क्षेत्र, मग वेटोळ्यांचे, मग खाचांचा परिणाम आणि शेवटी भार असतानाचे क्षेत्र. सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रातून आकडा मिळतो, पण त्याचे कारण शोधायला पुन्हा सूत्राकडेच यावे लागते.

लोहपक्षी: आपली मांडणी रेखीव आहे, मात्र ती लोखंडाची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र वाहून नेण्याची क्षमता) अनंत मानते. चुंबक रोटरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, पोटात बसवलेल्या मोटरमध्ये त्याच्या टोकांशी लोखंडाचे जे अरुंद पूल ठेवतात, ते संपृक्त व्हावेत, म्हणजे त्यांची ही क्षमता संपावी, हाच हेतू असतो. तिथे क्षेत्र २ टेस्लाच्या आसपास पोहोचते, आणि चुंबकाचा किती चुंबकीय प्रवाह (फ्लक्स) गळून वाया जातो हे त्या पुलांवरच ठरते. नेमक्या त्याच जागी आपले सूत्र मुके होते. शिवाय द्विमितीय स्थिर क्षेत्र साध्या संगणकावरही काही सेकंदांत सुटते, मग सूत्राने वेळ वाचतो असे कोणी म्हटले, तर तो युक्तिवादही उरतो कुठे?

धागाकर्ता: पोटातल्या चुंबकांपुरते आपले म्हणणे मान्य. पण पृष्ठभागावरच्या निओडिमियम चुंबकाची सापेक्ष पारगम्यता साधारण १.०५ असते, म्हणजे चुंबकीय दृष्टीने तो जवळपास हवाच. त्यामुळे प्रभावी फट चुंबकाच्या जाडीइतकी वाढते आणि लोखंड संपृक्त नसेल तोवर त्याला आदर्श मानल्याने फारसे बिघडत नाही. कॉगिंग टॉर्कचे (वीज नसतानाही चुंबक व खाचांच्या ओढीमुळे रोटरला बसणाऱ्या हिसक्यांचे) पाहा: १२ खाचा व १० ध्रुव असतील, तर एका फेरीत ६० आवर्तने येतात; १२ खाचा व ४ ध्रुव घेतले, तर फक्त १२, आणि ती सहसा बरीच मोठी असतात.

लोहपक्षी: हा तर लघुतम साधारण विभाज्य झाला, त्याला क्षेत्राचे प्रारूप कशाला हवे? त्या टॉर्कचा आयाम (लहरीची उंची) सूत्राने काढायचा म्हटले, तर प्रत्येक खाच स्वतंत्र उपक्षेत्र, म्हणजे वेगळे समीकरण असलेला भाग, मानावी लागते, त्रिज्येचे मोठमोठे घात समीकरणांत शिरतात आणि वरचे हार्मोनिक घेताच समीकरणांचे मॅट्रिक्स ढासळून उत्तर भरवशाचे राहत नाही.

धागाकर्ता: विभाज्याचा टोला मान्य. घातांची अडचण मात्र लेखनपद्धतीची आहे. प्रत्येक पद त्या उपक्षेत्राच्या सीमेवरील त्रिज्येच्या गुणोत्तरात लिहिले की ती बरीच आटोक्यात येते. उलट कॉगिंग टॉर्क हा मोठ्या, परस्परविरोधी बलांचा किरकोळ शिल्लक भाग असल्याने फटीतली जाळी जराशी विषम झाली, तरी फिनाइट एलिमेंटचे उत्तर हलते. रोटर फिरवताना दर स्थितीला नवी जाळी घेतल्याने उमटलेली खोटी लहर मी स्वतः बराच काळ खरी समजत होतो.

लोहपक्षी: फटीत जाळीचे तीन-चार समान थर दिले असते, तर ती लहर बहुधा दिसलीच नसती. पृष्ठभागावरच्या चुंबकांसाठी मी आपल्या पद्धतीला विरोध करणार नाही. परंतु भार वाढून दातांची टोके संपृक्त झाल्यावर तेच सूत्र किती विद्युतप्रवाहापर्यंत वापरायचे, ही मर्यादा आपण अजून सांगितलेली नाही.