माटोळीच्या रानवस्तूंचे वाळवलेले नमुने शाळेत कसे ठेवावेत?

सत्तरीची_बाय (प्रश्न)

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात कोलकात्याला जाणं झालं, तेव्हा हावड्याला शिबपूरचं आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यान बघून आले. 1787 सालचं उद्यान. सगळे तिथला अवाढव्य वड बघायला जातात, तशी मीही गेले. मूळ खोड बुरशीने पोखरलं म्हणून 1925 साली काढलं, तरी वड नुसत्या पारंब्यांवर पसरतोच आहे. पण मला जास्त ओढ लागली ती तिथल्या केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहाची. देशभरातून आणलेले, वाळवून कागदावर चिकटवलेले 20 लाखांच्या आसपास नमुने! दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तोडलेली डहाळी आजही अभ्यासाला काढता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याकडे गणेश चवथीला माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला रानातली फळं-वेली बांधतात. कांगणी, कवंडळ, आंबाडे, घागऱ्यो, मावळिंग, शिवाय सुपारीचे घोस. सासरे रानात जाऊन आणायचे. कुठली वेल कुठल्या व्हाळाकडे (ओढ्याकडे) आहे हे त्यांना पाठ होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना या वस्तू ओळखता येतात, पण बाजारातल्या वाट्यावर. वेल दाखवली तर गप्प. म्हणून माटोळीतल्या जेवढ्या वनस्पती मिळतील तेवढ्यांचा संग्रह शाळेत करायचा आहे.

अडचण पावसाची. श्रावणात रद्दीत ठेवलेलं पान चार दिवसांत काळं पडतं. आणि कवंडळासारखं गरगरीत फळ कागदावर बसवायचं कसं?

केपेंकर

बाई, हे काम कराच. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पावसात कागद रोज बदलायचा, पहिले तीन-चार दिवस तर सकाळ-संध्याकाळ. बदलायचा कागद आधी इस्त्रीने कडकडीत गरम करून घ्या. डहाळी कागदात, दोन्ही बाजूंनी पुठ्ठे, वरून फळ्या आणि दोरी घट्ट आवळून गठ्ठा चुलीवरच्या माळ्यावर ठेवा. चूल नसेल तर साध्या पिवळ्या बल्बवर, अंतर राखून. पान वाकवल्यावर कट्ट आवाज आला की वाळलं.

कवंडळाची आडवी चकती कापा, बिया दिसतील अशी, आणि ती वेगळी वाळवून पाकिटात घालून त्याच कागदाला चिकटवा. फूल मात्र पहाटेच गाठा. ते रात्री उमलतं, पांढऱ्या पाकळ्यांना झालरीसारखे तंतू असतात, आणि ऊन चढलं की सगळं मिटून लगदा होतो. नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेलींवर येतात, म्हणून दोन्ही वेली शोधा. मुलांना हे शोधायला लावलंत तर पुस्तकातला धडा त्यांना परत वाचावा लागणार नाही.

कागद 42 × 28 सेंटिमीटरचा जाड घ्या, संग्रहालयांत तोच चालतो. आणि लेबल! गाव, वाडा, व्हाळाची की डोंगराची बाजू, तारीख, तोडणाऱ्याचं नाव, फुला-फळांचा ताजा रंग, कारण वाळल्यावर रंग उडतो. कांगणीचं फळ पिवळं होतं आणि उकललं की आतला तांबडा गर दिसतो, हे कोरड्या नमुन्यावरून पुढे कुणाला कळणार? लेबल नसेल तर तो नुसता पालापाचोळा. यावर मी कधीच तडजोड केली नाही.

किडीसाठी जुन्या संग्रहांत पाऱ्याचं क्षार लावत, ते अत्यंत विषारी. शाळेत अजिबात नको. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पुरे.

धारबांदोडेंची_सून

एक काळजीचं बोलते. कांगणीचा घोस काढायला लोक आता अख्खी वेलच तोडतात. बाजारात भाव येतो ना! मुलांना फक्त कात्री द्या, कोयता नको. आणि एक घोस पिकू देऊन बी धरा, शाळेच्या कुंपणाला लावा. कागदावरच्या झाडाला पुढच्या चवथीला फळ येत नाही.

रानवाट

म्हादई अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नका, शाळेसाठी असलं तरी. देवराईत तर नकोच. निरंकाराच्या राईत मुलांना जरूर न्या, पाण्यातून वर आलेली रानजायफळाची गुडघ्यासारखी मुळं दाखवा, पण हात न लावता. बाकी कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आणि रस्त्याकडेची कुंपणं यांत माटोळीचं बरंच काही मिळतं.

सत्तरीची_बाय

सगळ्यांचे मनापासून आभार. इस्त्रीची युक्ती आजच करून बघते. कुंपणाची सूचना मुख्याध्यापकांना सांगितली, त्यांनी पश्चिमेकडची बाजू देऊ केली आहे. केपेंकर सर, शास्त्रीय नावं मी ठरवू की कुणाकडून तपासून घेऊ?

केपेंकर

तपासूनच घ्या. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात संग्रह आहे, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्याला आहे. प्रत्येक झाडाचे दोन नमुने करा, एक शाळेत आणि एक विद्यापीठाला देण्यासाठी. घागऱ्योच्या बाबतीत तर हे हवंच. त्या गोत्रातल्या बऱ्याच जाती एकमेकींसारख्या दिसतात, आणि नुसत्या वाजणाऱ्या शेंगेवरून मीसुद्धा नाव सांगणार नाही. फूल असलेली डहाळी पाठवा.