मदत हवी आहे: सरासरी ८५ मिनिटं, पण ११ पैकी ९ जण त्याच्या आत! निष्कर्षात काय लिहू?

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून एम.कॉम. करतेय. प्रोजेक्टचा विषय: घरून ऑफिसला पोचायला लागणारा वेळ. ऑफिस परळला. आमच्याच सेक्शनमधल्या ११ जणांनी फॉर्म भरून दिले (नमुना लहान आहे, माहितेय, मॅडमना चालतोय). दारातून निघाल्यापासून टेबलाशी बसेपर्यंतची मिनिटं:

४५, ५०, ५५, ६०, ६०, ६५, ७०, ७५, ८०, १६५, २१०

सरासरी ८५, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप) ५२.७. मॅडम म्हणाल्या, "८५ ± ५२.७ लिही नि पुढे चल." लिहिलं. मग लक्षात आलं, नऊ जण ८५ च्या आतच पोचतात आणि उरलेले दोघे कुठल्या कुठे. शिवाय दोन प्रमाण विचलनांच्या टप्प्यात साधारण ९५ टक्के लोक येतात असं वाचलं होतं. ८५ मधून १०५ वजा केले, तर काहीजण घरून निघायच्या २० मिनिटं आधीच ऑफिसात! असं मस्टर कुणाला नको?

१६५ वाले कसाऱ्याहून येतात, २१० वाल्या ताई डहाणूहून. मैत्रीण म्हणते, "आउटलायर आहेत, उडव." उडवले की सरासरी ६२.२, दिसायला झकास. पण ताईंचा फॉर्म समोर आहे. आधी १८० लिहून खोडलंय, शेजारी बारीक अक्षरात "गाडी वेळेवर असली तर." यांना कसं उडवू?

दहावीतला मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) इथे चालेल का? तो ६५ येतो. आणि एक्सेल म्हणतं "१८.१८ टक्के लोक लांबून येतात", तेही लिहू का?

प्रतिसाद १:
कुणालाही उडवू नकोस, आकडे खरे आहेत. मध्यक ६५ लिही आणि सोबत प्रमाण विचलनाऐवजी पहिलं आणि तिसरं चतुर्थक दे (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार समान भाग पाडणारे आकडे). (११+१)/४, म्हणजे तिसरा आणि नववा आकडा: ५५ आणि ८०. एक्सेलमध्ये ५७.५ आणि ७७.५ दिसले तर घाबरू नकोस, त्याची एक रीत वेगळी आहे. कुठली वापरलीस ते नमूद कर. सरासरीही शेजारी असू दे, ६५ आणि ८५ मधल्या फरकावरूनच शेपूट लांब असल्याचं, म्हणजे मोजके आकडे फार मोठे असल्याचं कळतं. तो ९५ टक्क्यांचा नियम घंटेच्या आकाराच्या आलेखाचा, तुझा आलेख तसा नाही. आणि १८.१८ टक्के म्हणजे दोन माणसं गं! "११ पैकी २" लिही.

प्रतिसाद २:
५२.७ हे १० ने (११ वजा १, नमुन्यासाठीची रीत) भागून आलंय. सेक्शनमध्ये ११ च जण असतील आणि निष्कर्ष त्यांच्यापुरताच असेल, तर ११ ने भाग. ५०.२ येईल. एकूण किती आहात?

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! आम्ही १४ आहोत. तिघांनी फॉर्म दिलेच नाहीत, "वेळ नाही" म्हणाले. आत्ता यादी पाहिली, तिघेही बदलापूर-कर्जतकडचे. उद्या आधी ते फॉर्म मिळवते, मग बोलू.