वॉर्डातलं वर्तमान : मुलांच्या दवाखान्यातले अनुभव सांगा

गेल्या महिन्यात भाची परळच्या वाडियात ॲडमिट होती, अकरा दिवस. ताई आणि मी पाळी लावून थांबत होतो. त्या अकरा दिवसांत पेपर उघडला नाही, तरी बातम्यांना तोटा नव्हता. सात नंबरची सलाईन निघाली. खिडकीजवळच्या बाळाने चार घास वरणभात खाल्ला. कोपऱ्यातल्या मुलीचा रिपोर्ट अजून आला नाही, म्हणून तिची आई जेवली नाही, म्हणून तिच्या समोरचीही जेवली नाही. सकाळी लादी पुसायला येणाऱ्या मावशी ही वार्ता एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात पोचवायच्या. आज कोणाला सोडणार हे डॉक्टरांच्या राउंडआधीच आम्हाला ठाऊक असायचं.

आमच्या घराला वाडिया नवं नाही. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 चं, मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय 1929 चं. आजोबा गिरणीत होते. चाळीतली निम्मी पोरं तिथलीच, आणि ताप-खोकल्यालाही तिथेच नेलेली. पण इतकी वर्षं शेजारी राहून आतलं जग मात्र आत्ता पाहिलं.

तुम्ही कुठल्याही मुलांच्या दवाखान्यात राहिला असाल तर लिहा. आजाराचं थोडं, माणसांचं जास्त. तक्रारही लिहा, फक्त नावं नकोत. औषधाचा डोस कोणी विचारू नये, सांगू नये.

एक बाबा, विरार

तुम्ही आतलं लिहिलंत, मी बाहेरचं लिहितो. आमच्या दवाखान्यात (कुठला ते सोडा) एका पेशंटमागे एकच पास, तो आईला. बाप जिन्याखाली. रात्री आम्ही पंधरा-वीस जण पेपर अंथरून पडायचो. तिथे कोणी नाव विचारत नाही. ‘तुमचं काय?’ असं विचारतात. कोणी म्हणतो झटके, कोणी म्हणतो डोक्यात पाणी. मला आमच्या आजाराचं नाव धड उच्चारता येईना, म्हणून केसपेपरच पुढे केला.

तो वाचला बीडच्या एका ऊसतोड मुकादमाने. त्याला तिथे चाळीस दिवस झाले होते, त्यामुळे तो आमचा चौकशी कक्ष. पोराचं नाव रेशनकार्डावर चढवायचं राहिलं होतं आणि मी घाबरून बसलो होतो, की आता मोफत उपचाराची फुले योजना मिळणार नाही. तो म्हणाला, ‘जन्मदाखला घ्या अन् सकाळी आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिला नंबर लावा. दहा वाजता गेलात तर दिवस गेला.’ गेलो आणि काम झालं. रक्तपेढीत कुठल्या खिडकीवर जायचं, मूळ कागद कधीच हातचा सोडायचा नाही, झेरॉक्सच द्यायची, हे सगळं त्याचंच शिक्षण.

वरची खबर खाली यायची खिडकीतून. फोनला चार्जिंग नसायचं, म्हणून बायकांनी खुणा ठरवलेल्या. गालाला हात लावला की झोपलाय. पदर हलवला की काहीतरी आणून द्या. दोन्ही हात वर केले की लगेच या.

एका पहाटे मुकादमाच्या बायकोने कुठलीच खूण केली नाही. ती स्वतःच खाली आली. तो उठला, चादर झटकली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. ‘तुम्हाला अजून दिवस लागतील,’ म्हणाला.

लालबाग

दादा, चादर आहे का अजून?

एक बाबा, विरार

आहे. मुलगा आता पाचवीत आहे. दर मे महिन्यात गाद्यांबरोबर तीही उन्हात घालतो.

निल-वाली आई, सांगली

आमच्याकडे बातमी एकाच शब्दाची असते : ‘निल’.

मुलगा चार वर्षांचा असताना सकाळी डोळे सुजून उठायला लागला. डास चावला, उशी बदला, ॲलर्जी असेल, असं करत पंधरा दिवस घालवले. मग पोट फुगलं, पाय फुगले. नेफ्रोटिक सिंड्रोम. लघवीतून प्रोटीन वाहून जातं. सिस्टरने मला परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा वापरायला शिकवलं : सकाळची पहिली लघवी घ्यायची, नळीचा वरचा भाग तापवायचा आणि ढगाळ होते का बघायची. वहीत एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक असं लिहायचं. स्वच्छ राहिली तर ‘निल’. नंतर पट्ट्या आल्या, दिवा गेला, वही राहिली.

ओपीडीच्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा चमकलेच. सगळ्या पोरांचे गाल सारखे, स्टिरॉइडने गरगरीत, जशी एकाच आईची. एक बाई कानाशी म्हणाली, ‘बाळसं नाही ते. गोळी कमी झाली की उतरतं.’ घरी येणारा प्रत्येक जण ‘तब्येत सुधारली हो’ म्हणायचा. त्या बाईच्या एका वाक्यावर मी ती वर्षं काढली.

त्या बाकाचा पुढे व्हॉट्सॲप ग्रुप झाला. रोज सातच्या सुमारास ‘निल’, ‘निल’, ‘ट्रेस’ (म्हणजे किंचित), ‘निल’. मग एखादी दोन अधिक लिहिते आणि ग्रुप गप्प होतो. अर्ध्या तासाने कोणीतरी कमी मिठाच्या भाजीला लिंबू, जिरेपूड नि भाजलेलं खोबरं कसं लावायचं ते लिहितं. म्हणजे रडू नकोस, स्वयंपाकाला लाग.

माझा मुलगा आता चौदाचा आहे. पाच वर्षं एकदाही उलटलं नाही. ग्रुप सोडवत नाही.

वय 28, उल्हासनगर

मी कॉटवरून लिहितोय, म्हणजे कॉटवर झोपणाऱ्याच्या बाजूने. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे जन्मापासूनच अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही. सहा महिन्यांचा असल्यापासून साधारण दर 21 दिवसांनी रक्त.

आमची पाच जणांची बॅच होती. शाळेतले मित्र दर वर्षी बदलले, ही बॅच बदलली नाही. आल्या आल्या पहिला प्रश्न, ‘तुझं किती?’ हिमोग्लोबिन हेच आमचे मार्क. साडेनऊवाला साडेआठवाल्याला चिडवायचा. पिशवी लागली की गृहपाठ, ते उरकलं की पत्ते, एका हाताने. डाव्या हाताला सुई असेल तर पिसणार तो, उजव्या हाताला असेल तर वाटणार हा.

रक्त चढवणं सोपं. त्यातून साठणारं लोह काढणं जिकिरीचं. लहानपणी रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचून छोटा पंप लावायचे, आठ-दहा तास, आठवड्यातून पाच रात्री. मावसभावाच्या लग्नातही शेरवानीखाली पंप होता. पुढे गोळ्या आल्या आणि मी पहिल्यांदा पालथा झोपलो.

दोन गोष्टी सांगून टाकतो. गणपतीत रक्तदान शिबिरं गल्लोगल्ली होतात, मे महिन्यात कॉलेजं बंद आणि माणसं गावी, तेव्हा आमची पिशवी अडते. मेमध्ये जा रक्त द्यायला. आणि लग्न ठरवताना पत्रिका नंतर, आधी दोघांची एचबीए2 ही रक्ततपासणी करा. दोघंही थॅलेसेमिया मायनर (म्हणजे दोष अंगात, पण आजार नाही) असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची. माझ्या आईबाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

शीवची आजी (नातीने टाइप केलं)

आमच्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली पहिली. माझा धाकटा 1994 चा, सातव्या महिन्यातला, तळहाताएवढा. मला दूध येईना. त्याला पेढीतलं दूध नळीने दिलं, मग बोंडल्याने. सासूबाईंनी विचारलं, ‘कोणाचं? कुठल्या जातीचं?’ सिस्टर म्हणाली, ‘आजी, साडेबासष्ट डिग्रीवर अर्धा तास तापवलंय. त्यात जे काही होतं ते मेलं.’ सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पुढे मला दूध आलं, ते जास्त होतं, तेव्हा पेढीत देऊन यायला माझ्याबरोबर त्याच यायच्या.

अंगणवाडी सेविका, जव्हार तालुका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आमच्या पालघरातूनच सुरू झाला. त्याची गाडी अंगणवाडीत येते, मुलं तपासते. आमच्या एका पोरीच्या छातीला डॉक्टरांनी तपासायची नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. हृदयाला भोक. ऑपरेशन मुंबईत, पैसे लागणार नव्हते, पण आई तयार होईना. तिच्या पाड्यावरून मुंबईला गेलेलं माणूस परत आलं नव्हतं, ते वीटभट्टीवर की कुठे ते कोणालाच माहीत नाही. शेवटी मीच सोबत गेले.

पोरीची आई वारली भाषा बोलणारी, शेजारच्या कॉटची आई जौनपूरची. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाहते तर एकीची पोर दुसरीच्या मांडीवर आणि दोघी आपापल्या भाषेत बोलतायत. जौनपूरच्या मुलाचं ऑपरेशन आधी झालं होतं. तिने त्याचा शर्ट वर करून टाके दाखवले. माझ्या महिनाभराच्या समजावण्याने झालं नव्हतं ते तिथे झालं. पोर परत आली तेव्हा पाड्यावरच्या बायका तिचाच झगा वर करून बघत होत्या. आता दुसऱ्या कोणाचं ऑपरेशन निघालं की मी तिलाच बोलावते.

सावंतवाडी

आमच्याकडे लहान मूल अत्यवस्थ झालं की मुंबई नाही, बांबोळी. गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. तिथल्या व्हरांड्यात कोकणी आणि मालवणी अशी मिसळते की दोन दिवसांनी आपण कुठल्या राज्यात आहोत ते विसरतो. मला एका पेडण्याच्या आजीने नुसतं ‘रडू नको गो, पोर बरां होतलां’ म्हटलं होतं. ती कोण, कोणासाठी आली होती, ते विचारायचं राहून गेलं.

निवृत्त सिस्टर, परळ

26 जुलै 2005 ला हिंदमाताला पाणी भरलं. माझी ड्युटी दुपारी सुटायची, बदलीची सिस्टर पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेले. मुलांच्या आयांनी त्या रात्री आपापसात वॉर्ड वाटून घेतला. कोण कोणाची सलाईन बघणार, संपत आली की मला हाक मारणार. मुलं मात्र खूश, कारण आया पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम गोष्टी सांगत होत्या.

आणि 2020 चा जानेवारी. अनुदान थकलं, वाडियाने नवे पेशंट घेणं थांबवलं, कर्मचारी गेटवर आंदोलनाला उतरले. टीव्हीवर दिसत होता तो गोंधळ. मला फोन येत होते ते जुन्या आयांचे, ज्यांची पोरं आता नोकरीला लागलीत : ‘सिस्टर, खरंच बंद होणार?’ नंतर पैसे सुटले आणि रुग्णालय चालू राहिलं. दोन महिन्यांत लॉकडाऊन आला, तेव्हा ती बातमी सगळे विसरले. आम्ही नाही विसरलो.

नवीन

वरचं सगळं वाचलं. उद्या सकाळी मुलीला ॲडमिट करायचंय, वय दीड. पहिलीच वेळ आहे. काय नेऊ?

निल-वाली आई, सांगली

लांब वायरचा चार्जर, पेन, कोरी वही. डॉक्टर राउंडला बोलतील ते लगेच लिहा, नंतर आठवत नाही. वाटी-चमचा घरचाच न्या, ती त्यातूनच खाईल. मुंबईत की बाहेर?

नवीन

मुंबईत. मिस्टर सोबत आहेत.

एक बाबा, विरार

मग एक चादर जास्त न्या, त्यांच्यासाठी.