वेनमधली घरी बसलेली मतं

अमेरिकेच्या २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिशिगन राज्य डेमोक्रॅट पक्षाकडून रिपब्लिकन ट्रम्पकडे गेलं. '२०१६ला मिशिगन पलटलं ते गोऱ्या कामगारांनी पक्ष बदलला म्हणून' हे म्हणणं तिथल्या मॅकोम्ब काउंटीपुरतं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मला मान्य आहे. डेट्रॉइटला लागूनच असलेल्या या मोटार कामगारांच्या भागाने १९६०मध्ये डेमोक्रॅट केनेडींना भरभरून मतं दिली, १९८४मध्ये तितक्याच उत्साहाने रिपब्लिकन रेगनना. 'रेगन डेमोक्रॅट' (एरवी डेमोक्रॅट, पण मत रेगनना) हा शब्द गाजला तो मुख्यतः इथल्या मतदारांमुळे. डेमोक्रॅट ओबामांनीही ही काउंटी दोनदा जिंकली आणि २०१६ला ती ट्रम्पकडे गेली, सुमारे ४८ हजारांच्या फरकाने. म्हणजे फिरायची सवय जुनीच.

पण शेजारची वेन काउंटी, जिच्यात खुद्द डेट्रॉइट शहर येतं, तिचे आकडे हे म्हणणं मांडताना काढले जात नाहीत. तिथे २०१२च्या ओबामांपेक्षा २०१६च्या डेमोक्रॅट उमेदवार क्लिंटनबाईंना सुमारे ७६ हजार मतं कमी पडली. ट्रम्पना मात्र २०१२चे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांच्यापेक्षा जेमतेम १५ हजार जास्त. उरलेली गेली कुठे? काही तिसऱ्या उमेदवारांकडे, काही लोकसंख्या घटल्यामुळे, आणि बरीचशी घरीच बसली असणार. अख्ख्या राज्यात निकाल लागला १०,७०४ मतांनी! आधीच्या खेपेला ओबामा राज्यात सुमारे साडेचार लाखांनी पुढे होते, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडेही 'अमुक मतदारसंघ फिरला' म्हणताना आधीच्या वेळची मतांची बेरीज कोण बघतं? टक्केवारीत घरी बसलेला माणूस दिसतच नाही, आणि मग त्याच्या वाटणीचा रागही आपण पक्ष बदलणाऱ्यांच्या खात्यावर मांडतो.