६४ टक्के, ६७ पर्सेंटाइल आणि ऑप्शन फॉर्म: मोठ्या नावाचं कॉलेज की घराजवळचं?

कळवेकर_बाबा

मुलाला बारावी सायन्सला ६४ टक्के मिळाले, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, ६७ पर्सेंटाइल. घरात दोन दिवस शांतता होती. मग आत्याचा फोन आला, "६७ म्हणजे बोर्डापेक्षा बरेच की, पेढे कुठायत?" पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातले ६७ मागे आणि उरलेले सगळे आपल्या पुढे, हे तिला समजावण्याच्या फंदात मी पडलो नाही.

मुलगा मठ्ठ नाही. सोसायटीतल्या तीन घरांचे राउटर त्यानेच लावलेत, तळमजल्यावरच्या आजोबांचा पेन्शनचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला तोच मोबाइलवरून काढून देतो. पण गणिताचा पेपर समोर आला की हात आखडतो. "तुला काय करायचंय?" असं विचारून झालंय, त्यामुळे ते कृपया सुचवू नका. उत्तर आलं, "काहीही चालेल."

माझं मत असं, की अशा मधल्या मुलाला मोठ्या नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पैसे भरून, मिळेल त्या शाखेत कोंबू नये. आणि नाव नसलेल्या कॉलेजात नुसत्या 'इंजिनिअर' या शब्दासाठीही घालू नये. त्यापेक्षा ठाण्यातच अनुदानित बीएस्सी किंवा बीएस्सी आयटी. वीस मिनिटांत घरी, आणि वर्गात वरच्या दहात राहील.

हे हवेत बोलत नाही. गेल्या बुधवारी रजा टाकून दोन कॉलेजं बघून आलो. ओपन हाउसच्या दिवशी मुद्दाम गेलो नाही, त्या दिवशी कुंड्यासुद्धा भाड्याच्या असतात. पहिलं इंजिनिअरिंगचं, पनवेलच्या पलीकडे. काचेची इमारत, एसी रिसेप्शन. इलेक्ट्रॉनिक्सची लॅब दाखवा म्हटलं तर शिपाई चावी शोधायला गेला तो पंधरा मिनिटांनी उगवला. आत ऑसिलोस्कोप ओळीने मांडलेले, आणि त्यातल्या निम्म्यांवर कंपनीतून आलेलं प्लास्टिक तसंच. बाहेर तिसऱ्या वर्षाची दोन पोरं भेटली. म्हणाली, "प्रॅक्टिकल शेवटच्या तीन आठवड्यांत उरकतात, अंकल."

दुसरं ठाण्यातलं जुनं कॉलेज. रंग उडालेला, जिन्यात वास. पण केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक लॅब असिस्टंट बाई ब्युरेट न धुता ठेवली म्हणून एका मुलीला फैलावर घेत होत्या. मला ती ओरड आवडली.

बोला आता.

रबाळे_लोकल

काका, छान लिहिलंय, पण पटलं नाही. मी ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. तुम्ही लॅबचं प्लास्टिक बघून आलात, नोकरी देणारा ते बघत नाही.

तो काय बघतो ते सांगतो. मोठ्या कॉलेजात कंपनी स्वतः येते. लहान कॉलेजातल्या पोरांना पूल कॅम्पससाठी, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीसाठी, दुसऱ्याच्या दारात जाऊन सकाळी आठपासून रांगेत उभं राहावं लागतं. आमच्याकडे बीएस्सीवालेही घेतात. काम जवळपास तेच, पगाराची पायरी खालची, आणि ती पायरी पुढची कित्येक वर्षं पायात येते. ६७ पर्सेंटाइलला नावाजलेलं मिळणार नाही हे मान्य, पण संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, मिळत असेल आणि ऐपत असेल तर घ्या. मित्र तिथले मिळतात, सीनिअर तिथले मिळतात. वर्गात चाळिसावा आला तरी चालतं.

घोडबंदरची_आई

चालत नाही हो.

आमचा मुलगा असाच. बारावीला ६६. दादरच्या पलीकडचं एक मोठं नाव, संस्थेच्या कोट्यातून सीट, त्यासाठी गावची जमीन नाही पण माझ्या पाटल्या गेल्या. वर्गातली बाकीची मुलं नव्वदच्या वरची. शिकवणारे त्यांच्या वेगाने शिकवणार, त्यात त्यांची चूक नाही. पहिल्या सेमिस्टरला एम-वन (गणित) आणि मेकॅनिक्स, दोन्ही उडाले. मग केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा अभ्यास, चालू सेमिस्टरचा अभ्यास आणि सबमिशन, तिन्ही एकदम. घोडबंदरहून बसने ठाणे स्टेशन, तिथून फास्ट लोकल, घरी यायला रात्रीचे आठ.

रोज विचारायचे, "फाइल झाली का रे?" म्हणायचा, "झाली गं." एकदा त्याची बॅग धुवायला काढली तेव्हा वर्कशॉपची फाइल सापडली. पहिल्या पानावर नाव, रोल नंबर सुबक अक्षरात. पुढची सगळी पानं कोरी. मी ती परत बॅगेत ठेवली आणि त्याला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षं गेली. आता बीकॉम करतोय, बरा आहे, जेवताना बोलतो.

रबाळे_लोकल

ताई, वाईट वाटलं वाचून. पण एका मुलावरून नियम काढता येत नाही. माझ्याच बॅचला ५९ टक्केवाला होता, आज माझा मॅनेजर आहे.

कोपरीचा_खवचट

प्रत्येक धाग्यात एक ५९ टक्केवाला मॅनेजर असतो. तो नेहमी दुसऱ्याच्याच बॅचचा.

रबाळे_लोकल

हा हा. बरं, मॅनेजर सोडा, कागदाचं बोलू. कित्येक आयटी कंपन्या फ्रेशर घेताना दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे साठ टक्के मागतात, आणि चालू केटी नको म्हणतात. काकांच्या मुलाचे बारावीला ६४ आहेत, म्हणजे तो त्या दारातून आत येतो. ही फार मोठी गोष्ट आहे, तुम्ही तिला रडताय!

कळवेकर_बाबा

अहो, पण हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. डिग्रीलाही साठ हवेत, केटी नको. मग साठ कुठे टिकतील? जिथे त्याला झेपतं तिथेच ना?

मॅडम_शिकवतात

मी नवी मुंबईत इंजिनिअरिंगला शिकवते, कुठे ते विचारू नका. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

आधी कळवेकरांची चूक. अनुदानित कॉलेजातलाही बीएस्सी आयटी सहसा सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानितच असतो. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या बीएस्सीला काही हजारांत काम होतं, आयटीची फी त्याच इमारतीत कितीतरी पट असते. शिक्षकही बरेचदा तासिका तत्त्वावर. 'अनुदानित' या शब्दावर विसंबू नका, कोर्सनिहाय फी विचारा. आणखी एक, २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि त्यांना वेगळी सीईटी लागली. ती टाळायला काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाला बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं नाव दिलं. म्हणजे पाटी वाचून कोर्स कळत नाही.

आता रबाळ्यांची चूक. संस्थेच्या कोट्यातून घ्या असं सहज म्हणालात. फी सवलतीच्या सरकारी योजना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, घेतलेल्या प्रवेशालाच मिळतात. कळवेकरांचं कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत खुल्या वर्गालाही निम्मी शिकवणी फी माफ होते. कोट्यातून गेलात की ती गेली. आणि फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, प्रत्येक कॉलेजचा आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्यावर कोणी 'डेव्हलपमेंट'चं वेगळं पाकीट मागितलं तर उठून या.

मोठ्या नावाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांच्या शाखेमागच्या जागांवरची मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवता आल्या. शिक्षक एका उन्हाळ्यात तयार होत नाहीत. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं नाव आणि आजचा वर्ग एकच असेल असं धरून चालू नका. तुमच्या मुलाच्या वर्गाला दुसऱ्या वर्षी कोण शिकवणार, एवढं ऑफिसात विचारा. नाव सांगता आलं नाही तर समजून जा.

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीबद्दल, एकच. पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेरीत सुधारायची संधी नाही. गंमत म्हणून तिथे काही टाकू नका.

दिघा_ते_डिप्लोमा

सगळे बीई नाहीतर बीएस्सी करत बसलेत. बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो हे कोणाला आठवत नाही का? दोन वर्षांत डिप्लोमा, मग बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला.

मी तसाच गेलो. बारावीला ५८. पॉलिटेक्निकमध्ये आठवड्याला जेवढे तास हात काळे केले तेवढे बीईच्या तीन वर्षांत नाही केले. लेथवर पहिला जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, कातला तो व्यासात अर्धा मिलिमीटर कमी भरला, सरांनी तो टेबलावर ठेवून सेमिस्टरभर पेपरवेट म्हणून वापरला. राउटर लावणाऱ्या मुलाला हीच जागा. ठाण्यात आहे पॉलिटेक्निक, लांब जायला नको.

रबाळे_लोकल

म्हणजे चारच्या जागी पाच वर्षं.

दिघा_ते_डिप्लोमा

वरच्या ताईंच्या मुलाची दोन तशीच गेली ना. माझं एक गेलं, त्या बदल्यात हातात डिप्लोमा आहे.

घोडबंदरची_आई

हे आम्हाला तेव्हा कोणीच सांगितलं नाही.

सानपाड्याची_मावशी

थोडं अवांतर. मुलगी असती तर गणितच बदललं असतं. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. भाचीचा प्रवेश त्यातच झाला. धाकटी मुलगी असेल कोणाची तर उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐन जुलैत सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर झोपतो.

आणि कळवेकर, त्या "काहीही चालेल"चा अर्थ सांगू का? आमच्याकडे दोन वर्षं तेच चाललं होतं. त्याचा अर्थ "तुम्ही मागे चिडाल असं काही मी आता बोलणार नाही."

कोपरीचा_खवचट

मावशी, तुम्ही आमच्या घरात कधी आला होतात?

रबाळे_लोकल

बरं, मी एक पाऊल मागे येतो. कोट्याचं मॅडमचं म्हणणं बरोबर, मला योजनेचं माहीत नव्हतं. पण बीएस्सीवर माझा आक्षेप कायम आहे. तीन वर्षांनी नुसत्या फिजिक्सच्या बीएस्सीवर नोकरी नाही, एमएस्सी किंवा एमसीए करावंच लागेल. तेही वर्षंच आहेत, काका, ती का मोजत नाही?

कळवेकर_बाबा

मोजली नव्हती. कबूल.

काल रात्री बायको आणि मी वही घेऊन बसलो. ठरलं असं: ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून थेट जाता येईल तेवढीच इंजिनिअरिंगची कॉलेजं, तीसुद्धा कॅपमधूनच. त्यातलं काही लागलं नाही तर पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष. तोपर्यंत ठाण्यातल्या बीएस्सीची फी भरून जागा धरून ठेवायची, थोडे पैसे बुडाले तर बुडाले. मोठ्या नावाचा नाद सोडला, रबाळ्यांची माफी मागून.

मग फॉर्म भरायला लॉगिन केलं तर चिरंजीवांनी आधीच एक पर्याय टाकून ठेवलेला. पनवेलच्या पलीकडचं, तेच, प्लास्टिकवालं. शाखा कॉम्प्युटर. विचारलं तर म्हणाला, "तिथे ओंकार जातोय."

मॅडम_शिकवतात

कितव्या क्रमांकावर टाकलंय? कन्फर्म केलं नसेल ना अजून?

कळवेकर_बाबा

कन्फर्म नाही केलेलं. एक नंबरवर आहे. तो झोपलाय आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो.