मदत हवी आहे: लाल गप्पी माशांची पिल्लं केशरीच का राहतात?

सांगलीत घरीच फुल रेड गप्पीची पैदास करतो. बाजारातून आणलेली जोडी कुंकवासारखी लालभडक होती, अजूनही बऱ्यापैकी आहे. पण त्यांची नर पिल्लं वयात आली तरी शेपटीला फिकट केशरी, मुळाशी जवळजवळ पारदर्शक. अंगावरची निळसर चकाकी मात्र झकास.

पाणी नळाचं, क्लोरीन काढलेलं. टाकीत झाडं भरपूर, तळ काळा, आजार नाही. सकाळी साधं पेलेट (दाणेदार खाद्य), संध्याकाळी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं. मध्यंतरी स्पिरुलिना (शेवाळाची पूड) आणि किसलेलं गाजर देऊन पाहिलं, थोडा फरक वाटला, पण तो लाल काही नाही. (हळद घाल म्हणणारेही भेटले, सांगली ना! पण हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, तो कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजरातल्यासारखं लाल-केशरी रंगद्रव्य, नव्हे.)

मासा कॅरोटिनॉइड स्वतः बनवत नाही, ते खाद्यातूनच हवं, हे माहीत आहे. पण गप्पीच्या लाल-केशरीत ड्रोसोप्टेरिन हे दुसरं लाल रंगद्रव्यही असतं, ते मासा स्वतः तयार करतो. म्हणजे नुसत्या खाद्याने भागेल असं वाटत नाही. शिवाय विकायच्या माशांना रंगासाठी हार्मोन देतात, तीही शंका आहे. पण मग आणलेला नर अजून लाल कसा?

आता एकाच वेतातली पिल्लं दोन टाक्यांत विभागून एकीला अ‍ॅस्टाझँथिनचं (लाल कॅरोटिनॉइडचं) खाद्य द्यायचा विचार आहे. महागडं आयात खाद्य परवडणार नाही आणि हार्मोन वापरायचे नाहीत. ज्यांनी असं करून पाहिलंय त्यांनी सांगा: खाद्य किती आठवडे दिल्यावरही फरक नाही पडला तर दोष वंशाचा समजून नवा नर आणावा?