रात्री कोंबड्या मारल्या जातायत, खुराडं कसं पक्कं करू? बजेट ५ हजार, इंदूर

कॅटरोडकर:
नमस्कार मंडळी. कॅट रोडच्या मागच्या अंगाला राहतो, घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिच्या पलीकडे शेतं आणि नाला. आईला हौस म्हणून झाबुआकडून कडकनाथच्या (काळ्या कोंबडीची जात) तलंगा आणल्या, जोडीला गावरान कोंबड्या आहेत. मागच्या आठवड्यात दोन गेल्या. एक सकाळी खुराड्यातच पडलेली, मान कुरतडलेली, बाकी अंग जसंच्या तसं. दुसरीची नुसती पिसं नाल्याच्या वाटेवर. दाराची कडी लागलेली होती पण मागच्या कोपऱ्यात जाळी वाकून वर आलेली दिसली. जाळी ती षटकोनी भोकांची, कोंबड्यांची जाळी म्हणून मिळते तीच. आई रोज सकाळी उठल्या उठल्या विचारते की सगळ्या आहेत ना. बजेट ५ हजार, त्याच्या वर जमणार नाही. आणि कुत्रा नको, घरात दम्याचा पेशंट आहे. काय करावं ते सांगा, जरा लवकर सांगा.

महूचा_दादा:
एकदाच पैसे घाला आणि निर्धास्त व्हा. मी लोखंडी अँगलचा पिंजरा बनवून घेतला, २२ हजार पडले, खाली चाकं, विष्ठेचा ट्रे, अंडी काढायचा कप्पा बाहेरून उघडतो. आजपर्यंत एका कोंबडीला ओरखडा नाही. ५ हजारात हल्ली काय होतं, पत्रेसुद्धा येत नाहीत.

रामबागच्या_मावशी:
हे मुंगसाचंच काम. माझ्या माहेरी उज्जैनला वाड्याच्या परसात कोंबड्या होत्या, मुंगूस यायचं, मानेतलं रक्त पिऊन जायचं, मांसाला तोंड लावायचं नाही. अगदी असंच दिसायचं.

सिरपूरचा_बगळा:
मावशी, मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे, रात्री बिळात झोपतो. आणि रक्त पितो हा समज आहे, तो मान आणि डोकं चावतो म्हणून तसं वाटतं. रात्रीचं असेल तर बोका, रानमांजर, उदमांजर, मोकाट कुत्री, आणि नाला शेतं आहेत म्हणताय तर कोल्हासुद्धा. एक जागेवर पडली आणि एक उचलून नेली म्हणजे दोन वेगळी जनावरंही असू शकतात. खुराड्याभोवती संध्याकाळी चाळलेली राख नाहीतर बारीक माती पसरा, सकाळी ठसे बघा. मांजराच्या ठशात चार बोटं, नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा यांची चार बोटं आणि नखं उमटतात. मुंगसाची पाच. कोण येतंय ते कळल्याशिवाय पैसे घालू नका.

रामबागच्या_मावशी:
मी डोळ्यांनी बघितलंय. उजाडता उजाडता यायचं. कॅटरोडकर, तुमची आई कोंबड्या किती वाजता सोडते आणि तुम्ही मेलेली बघितली किती वाजता ते आधी सांगा, मग रात्रीचं की पहाटेचं ते ठरेल.

देवासनाका:
एवढा विचार कशाला, पिठाच्या गोळीत औषध घालून नाल्याकडे ठेवा, दोन दिवसांत शांत होईल.

सिरपूरचा_बगळा:
कृपा करून असलं कुणाला सांगू नका. मुंगूस, कोल्हा, उदमांजर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मारणं गुन्हा आहे. शिवाय ती गोळी गल्लीतली कुत्री खाणार, तुमच्या मोकळ्या सोडलेल्या कोंबड्याही खाणार, मेलेला उंदीर घार उचलणार आणि तीही जाणार. आणि एक जनावर मेलं की त्याच्या जागी दुसरं येतं. खुराडं उघडं आहे तोवर येतच राहील.

काळा_तुरा:
विषयाला सोडून विचारतो, कडकनाथ अस्सल आहेत का? झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून कुणीही काळी कोंबडी कडकनाथ म्हणून विकतोय. तुरा, जीभ, पाय सगळं काळपट पाहिजे. आणि अंडं काळं असतं असं सांगून कुणी विकलं असेल तर फसवलंय, अंडं फिकट तपकिरीच असतं.

महूचा_दादा:
माझ्याकडच्या शंभर टक्के अस्सल आहेत, बघायला या. फक्त त्या अंड्यावर नीट बसत नाहीत, पिल्लं काढायची तर अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात.

सियागंजचा_हार्डवेअरवाला:
दादा, त्यांची कोंबडी मेली आहे, पिल्लांचं नंतर बघू. कॅटरोडकर, नीट वाचा. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, जनावर बाहेर ठेवायला नाही. तार पातळ, कुत्र्याने दातात धरून ओढली की पीळ सुटतो. आणि भोक मोठं असलं की पंजा आत जातो. रात्री कोंबडी जाळीला अंग लावून झोपते, बाहेरून तिथेच मान धरतात. तुमची पहिली तशीच गेली असणार. अर्धा इंची चौकोनी वेल्ड मेश (तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी) घ्या, जस्ताचा मुलामा असलेली, नाहीतर एका पावसाळ्यात गंजते. सगळीकडे लावायला पैसे पुरणार नाहीत, म्हणून खालचे तीन फूट आणि वर जिथे जिथे फट आहे तिथे लावा, वरचा भाग जुन्या जाळीवर राहू दे. कोंबड्या रात्री बसतात ती दांडी कधीही जाळीजवळ ठेवू नका, मध्यभागी घ्या.

यू खिळे ठोकू नका, ओढले की निघतात. स्क्रू आणि रुंद वॉशर लावा. खाली खणून जाळी गाडायची तर मजुरीच जास्त होईल, त्याऐवजी दीड फूट पट्टी खुराड्याला जोडून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरा, वर विटा टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं, जाळी लागली की सोडून देतं, मागे सरकून उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. दाराला दोन कड्या, एक वर एक खाली, कारण एकाच कडीचं दार खालून वाकतं. कुठेही बोट आत जाईल एवढी फट दिसली तर ती बंद.

वडोदऱ्याची_ताई:
सापाचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे पावसाळ्यात अंडी आख्खी नाहीशी व्हायची, टरफलसुद्धा नाही, ते सापाचं लक्षण. मुंगूस, कावळा अंडं फोडून खातात, टरफलं पडलेली सापडतात. साप उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर दाण्याच्या मागे, म्हणून दाणा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात आणि संध्याकाळी खालचा सांडलेला दाणा झाडून काढायचा. धामण दिसली तर मारू नका, बिनविषारी असते आणि उंदीर तीच खाते. सर्पमित्राला बोलवा.

छत्रीबागवाला:
वेल्ड मेश लावा, अर्धा इंची. आणि एक चांगला गावठी कुत्रा बांधा, माझा आहे, रात्रभर मांजर फिरकत नाही.

कॅटरोडकर:
कुत्रा नको म्हटलंय वर. मावशी, आई साडेसहाला सोडते, मी सहाला बघितली तेव्हा अंग गार आणि ताठ झालेलं होतं, म्हणजे रात्रीचंच. राख पसरली होती, आज ठसे मिळाले, चार बोटं, नखं नाहीत, मोठा बोका किंवा रानमांजर. अंडी जागेवर आहेत.

सुदामानगर_गच्ची:
दिवसाचंही बघून ठेवा. आमची पिल्लं घार आणि शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) दोघांनी नेली. जुन्या सीडी टांगल्या होत्या, आधी बिचकले मग सरावले. वरून हिरवी जाळी ताणून बांधली तेव्हा थांबलं. झाडीखाली आडोसा असला तरी कोंबड्या स्वतःच पळून लपतात, कोंबडा ओरडून सांगतो.

कॅटरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. वेल्ड मेशचा भाव काढला, पण मिस्त्री, स्क्रू, दोन बाजूंची पट्टी धरून ५ हजाराच्या वर जातंय. म्हणून खुराडं रात्रीसाठी बंदच करतोय. घराला लागून जिन्याखाली एक पक्की खोली आहे, सिमेंटचा कोबा, विटांची भिंत, लोखंडी दार, नुसतं भंगार भरलेलं होतं. ती रिकामी केली, मध्ये बांबूची दांडी बांधली, झरोक्याला आणि दाराच्या खालच्या फटीला तेवढी वेल्ड मेश घेतली. अंधार पडायच्या आत कोंबड्या तिथे, उजाडून ऊन आलं की बाहेर. खुराडं फक्त दिवसाचं. आई स्वतः मोजून आत घालते आणि कडी स्वतः लावते.

महूचा_दादा:
जिन्याखाली कोंबड्या म्हणजे घरभर वास येणार. पिंजराच घ्यायला हवा होता.

वडोदऱ्याची_ताई:
वास नाही येणार, खाली लाकडाचा भुसा नाहीतर तांदळाचं तूस तीन-चार इंच टाका, ओलं दिसलं की तेवढं काढून कोरडं टाका. पण एका झरोक्यावर राहू नका, अमोनिया कोंडला की कोंबड्यांचे डोळे आणि श्वास दोन्ही जातात, आणि मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद खोलीत एका रात्रीत मरतील. समोरासमोर दुसरं भोक पाडून घ्या, दांडीच्या उंचीच्या वर, म्हणजे वारा थेट अंगावर येणार नाही. आणि दम्याचा पेशंट आहे म्हणालात, तर भुशाची धूळ आणि पिसं घरात जातील, खोलीचं दार घराच्या आत उघडत असेल तर ते आधी बंद करा.

कॅटरोडकर:
दार अंगणातच उघडतं, आत नाही. दुसरं भोक उद्याच पाडतो, त्यालाही अर्धा इंचीच जाळी.